वेणी आणि बांडगूळ

(सामुदायिक रेडिओवर मे महिन्याच्या अखेरीस झालेलं भाषण)

 

आंबा संपत आला. पेट्या भरून झाल्या, कॅनिंगचा माल गेला, आणि आता कलमांच्या बागांत साफसफाई चालू आहे. वाळकं काढायचं, बांडगूळ काढायचं, मिरग लागायच्या आत बाग मोकळी करायची. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी या दिवसांत त्या मजुरीवर जातात. गडी वर चढून कोयत्याने तोडतो, आपण खाली गोळा करतो, भारे बांधतो, बांधाच्या कडेला नेऊन टाकतो. आजचं माझं बोलणं त्या भाऱ्यांबद्दल आहे.

गेल्या आठवड्यात एका गटाच्या कर्जाच्या नोंदी बघायला गेले होते. सगळ्या जणी कामावर, म्हणून बैठक बागेतच भरवली. दुपारची जेवणं झाली, मी वही उघडली आणि बाजूच्या ढिगाकडे नजर गेली. बांडगुळाच्या फांद्यांत एक सीतेची वेणी पडली होती. जाड, पट्ट्यासारखी पानं, खाली लोंबणारी पांढरी मुळं आणि वीतभर लांब कळ्यांचा घोस. दोन दिवसांत उमलला असता.

मी गड्याला विचारलं, "दादा, ही का तोडली?"

तो म्हणाला, "बांडगूळच ना ताई ते. झाडाचं रक्त पितं."

त्याची चूक नाही. त्याला बागायतदाराने सांगितलं, झाडावर जे जे परकं दिसेल ते उतरव. बैठक संपल्यावर गटातल्या एक वयस्कर काकू हळूच माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "ह्या बांडगूळ नाय गो बाय. ही सीतेची वेणी. आमी ल्हानपणी केसात माळलेली आसा." मी म्हटलं, काकू, मग तिथे का नाही बोललात? त्या नुसत्या हसल्या. मजुरीला आलेल्या बाईने झाडावर चढलेल्या गड्याला काय सांगायचं, आणि त्याने ते का ऐकायचं, हे मला कळायला हवं होतं.

म्हणून आज रेडिओवरून बोलते. इथे मला कोणी कामावरून काढणार नाही.

आधी बांडगुळाचं सांगते, कारण त्याची बाजू घ्यायला मी आलेले नाही. बांडगूळ काढायलाच हवं. त्याचं फळ पिकलं की फुलटोच्या नावाचा एवढासा पक्षी ते खातो. आतलं बी इतकं चिकट की पक्षी ते फांदीवर घासून काढतो, आणि ते तिथेच चिकटून रुजतं. रुजलं की त्याचं मूळ सालीतून थेट लाकडात शिरतं. पानं हिरवी असतात, स्वतःचं अन्न ते स्वतः तयार करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याचे ओढतं. जिथे मूळ शिरलं तिथे फांदीला गाठ येते, आणि गाठीच्या पुढचा भाग वाळत जातो. नुसती पानं ओरबाडून उपयोग नाही, पुन्हा फुटतं. गाठीसकट, फांदीचा थोडा भाग घेऊन काढावं लागतं, आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी लागते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता वेणी. वेणी ही आमरी. आमरी म्हणजे ज्याला इंग्रजीत ऑर्किड म्हणतात ते कुळ. शहरात लग्नाच्या स्टेजवर जांभळी-पांढरी महागडी फुलं लावतात ना, त्यांची ही रानातली बहीण. आणखी एक गंमत सांगते. आइस्क्रीममधला व्हॅनिला, खरा असेल तर, तोसुद्धा एका आमरीच्या शेंगेतून येतो. त्या वेलीच्या फुलाला मूळ देशाबाहेर शेंग धरत नव्हती. १८४१ साली रियुनियन नावाच्या बेटावर एडमंड अल्बियस या गुलामगिरीत जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलाने काडीने फूल हाताळून शेंग धरवण्याची सोपी रीत शोधली. आजही व्हॅनिलाच्या बागांत हातानेच ते काम होतं. असो, आपण आपल्या आंब्यावर परत येऊ.

वेणी झाडावर बसते, पण झाडाचं काही घेत नाही. तिची मुळं सालीला वरवर धरून असतात, लाकडात शिरत नाहीत. मुळांवर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला, धुकं आलं, दव पडलं, की ते पाणी शोषून घेतं. कोरड्या दिवसांत ही मुळं राखाडी-पांढरी दिसतात. त्यांच्यावर जरा पाणी शिंपडून बघा, डोळ्यांदेखत हिरवट होतात. सालीच्या खाचेत साठलेली धूळ, कुजलेलं पान, शेवाळ, एवढ्यावर तिचं भागतं. आंबा तिला फक्त बसायला जागा देतो. आपल्या ओटीवर पावसात कोणी घटकाभर टेकावं, तसं.

तर ओळखायचं कसं? बांडगुळाला लाकडाची फांदी असते, झुडूप असतं ते. फूल नळीसारखं, नारिंगी-लालसर. बुडाशी गाठ असते आणि ओढलं तर निघत नाही. आमरीला लाकूड नसतं. वेणीची पानं जाड, चामड्यासारखी, दोन बाजूंना एकावर एक बसलेली. मुळं दोरीसारखी, बाहेर दिसणारी. बुडाशी गाठ नाही. एवढं बघायला एक मिनिट लागत नाही, आणि खालून बघणाऱ्या बाईला ते वर चढलेल्या गड्यापेक्षाही आधी दिसतं.

दुसरी एक आमरी आहे, तिच्या बाबतीत तर जास्तच घोटाळा होतो. तिला बोटाएवढ्या जाड कांड्या असतात, जुडीने फांदीला चिकटलेल्या. पावसाळ्यात पानं येतात आणि पुढे झडून जातात. हिवाळा संपता संपता नुसत्या वाळक्या कांड्यांवर पांढरी फुलं फुटतात. शास्त्रात हिला डेंड्रोबियम म्हणतात, आपल्याकडे हिचे एकाहून जास्त प्रकार आहेत. मे महिन्यात ही अगदी मेल्यासारखी दिसते. "वाळकं काढा" म्हटलं की पहिली हीच जाते. ती मेलेली नसते, झोपलेली असते. कांडी नखाने जरा खरवडली तर आत हिरवं दिसेल.

कोणी विचारेल, गेली एक वेणी तर काय बिघडलं? पुन्हा येईल. इथेच अडचण आहे. वेणीचं बोंड फुटलं की आतून पीठ उडावं तसं बी उडतं. एका बोंडात हजारोंनी असतं. पण त्या बियांत शिदोरी नसते. आपल्या नाचणीच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढं पीठ असतं, हिच्या बियांत तेवढंही नाही. बी सालीवर अशा जागी पडावं लागतं जिथे एक विशिष्ट बुरशी आहे. त्या बुरशीकडून अन्न मिळालं तरच ते रुजतं. हजारोंतलं एखादं रुजतं, आणि रुजल्यावर फुलायला कित्येक वर्षं लागतात. त्या ढिगात पडलेली वेणी बागेतल्या काही कलमांइतकीच जुनी असेल. आणि ती बुरशी, ती ओल, तो खरखरीतपणा जुन्या झाडाच्या सालीत असतो. झाड गेलं की रोपं गेली आणि नवीन रुजायची जागाही गेली.

मला पूर्वी वाटायचं, ऑर्किड म्हणजे घनदाट जंगलातली गोष्ट. बीएला असताना आमची सहल गेली तेव्हा सर दुर्बिणीतून दाखवायचे. नंतर गटांच्या कामाला लागले, वाडीवाडीने फिरले, तेव्हा कळलं की आपल्याकडे कितीतरी आमऱ्या माणसांच्या शेजारीच राहतात. घरामागच्या फणसावर, शाळेच्या आवारातल्या आंब्यावर, रस्त्याकडेच्या वडावर, देवराईत तर असतातच. माणसाने बदललेल्या जमिनीवरच त्या टिकून आहेत. आपला ऐन बघा. पिढ्यान्‌पिढ्या आपण भाजावळीसाठी ऐनाचं, किंजळीचं कवळ तोडत आलो. दरवर्षी फांद्या गेल्या, पण खोड राहिलं. आणि त्या खरखरीत, भेगाळलेल्या खोडावर आमऱ्या राहिल्या. आपल्या आज्यांनी काही "ऑर्किड वाचवा" म्हणून ठराव केला नव्हता. त्यांनी झाड मुळातून पाडलं नाही, एवढंच.

आता बदल वेगळ्या तऱ्हेचा आहे. रायवळ आंबा पाडून त्या जागी ओळीत कलमं लागतात, ती छाटून बुटकी ठेवतात. ऐनाचा डोंगर साफ करून काजू लागतो. आमच्या दक्षिणेकडे रबर आला. साल सतत कापत राहायची अशा रबराच्या लागवडीत मी बरीच फिरले, मला तरी एकही आमरी दिसली नाही. काजू लावू नका असं मी म्हणणार नाही. माझ्या स्वतःच्या घरचा काजू आहे, त्यावर मुलांच्या फिया भरल्या आहेत. पण दहा गुंठे साफ करताना बांधावरचे दोन जुने ऐन आणि एक रायवळ ठेवला तर काजूचं उत्पन्न बुडत नाही. तेवढं तर आपण घरात बोलू शकतो.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला जरा जड जातं.

चार वर्षांपूर्वी शहरात एका प्रदर्शनात आमच्या गटांना स्टॉल मिळाला. कोकम, फणसपोळी, कुळथाचं पीठ घेऊन गेलो. एका गिऱ्हाइकाने माझ्या फोनवर वेणीचा फोटो बघितला आणि म्हणाले, "ही आणा पुढच्या वेळी, हातोहात जाईल." माझ्या डोक्यात ते बसलं. गावी आल्यावर मी एका गटाला सांगितलं. अकरा बायका. देवराईच्या कडेच्या जुन्या झाडांवरून आम्ही साठेक वेण्या उतरवल्या. जमीन कोणाची, परवानगी लागते का, काहीही विचारलं नाही. काठीने ढोसून उतरवल्या, बऱ्याच मुळं तुटून आल्या. गोणपाटात गुंडाळून नेल्या. शंभर रुपयाला एक अशा त्रेचाळीस विकल्या गेल्या. चार हजार तीनशे रुपये. अकरा जणींत वाटले तर एकीच्या वाट्याला चारशेसुद्धा येत नाहीत. पण बैठकीत टाळ्या वाजल्या. मी अहवाल लिहिला आणि वर शीर्षक दिलं, "रानसंपत्तीवर आधारित उपजीविका".

न विकलेल्या वेण्या परत आणून गोठ्याच्या पडवीत ठेवल्या. उद्या लावू, परवा लावू, असं करता करता त्या गोणपाटातच कुजल्या. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाइक बाईंचा फोन आला. त्यांनी कुंडीत मातीत लावून रोज पाणी घातलं होतं, मुळं सडली. मी त्यांना माती वापरू नका असं सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. पुढच्या मे महिन्यात त्या देवराईकडेने गेले तेव्हा झाडं नुसती होती. ज्या झाडांखाली पोरं मान वर करून उभी राहायची, तिथे काही नव्हतं. त्या अकरा जणींपैकी एक जण मला म्हणाली, "ताई, दर वर्षीचं शंभर रुपयाचं फूल आपण एकदाच विकून टाकलं." तिचा हिशोब माझ्या अहवालापेक्षा बरोबर होता.

नंतर मी थोडं वाचलं, वनविभागातल्या लोकांना विचारलं. राखीव वनातून परवानगीशिवाय काही उपटून आणणं हा गुन्हा आहे. सगळं ऑर्किड कुळ साइट्स नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे देशाबाहेरच्या व्यापारावर नियंत्रण आहे. फुलांचा धंदा करायचाच असेल तर शेडनेटमध्ये वाढवायची रंगीत ऑर्किडं वेगळी असतात. ती प्रयोगशाळेत ऊतीपासून तयार केलेल्या रोपांची असतात, रानातून आणलेली नाहीत. त्याला भांडवल लागतं, बाजार लागतो, तो वेगळा विषय आहे. रानातली वेणी विकायला कोणी सांगितलं, मग तो व्यापारी असो नाहीतर माझ्यासारखी समन्वयक असो, तर नाही म्हणा.

आता बरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे रस्ता रुंद झाला. कडेची झाडं जाणार हे ठरलंच होतं. आम्ही अडवू शकलो नाही. एक मोठा आंबा, दोन ऐन, जांभळी, सगळं चार दिवसांत आडवं झालं. त्याच गटातल्या बायका, हो, त्याच अकरा, मला म्हणाल्या, पडलेल्या झाडांवरच्या तरी काढू. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला, दुपारपर्यंत काय ते करा, नंतर ट्रक येणार. ग्रामपंचायतीला कळवलं आणि आम्ही घमेली घेऊन गेलो.

या खेपेला काठीने ढोसलं नाही. सालीचा तुकडाच कोयत्याने उचलून घेतला, मुळं त्याला चिकटलेलीच राहू दिली. लहानमोठे सत्तावीस जुडगे निघाले. तुटलेली, सडलेली मुळं कापून टाकली. सावलीत ठेवले, दोन दिवसांत बांधून टाकले. दिवस जूनचे पहिले होते, म्हणजे वेळ अगदी बरोबर. पाऊस लागला की नवी मुळं फुटतात आणि ती झाडाला धरतात. दिवाळीनंतर बांधलं तर पुढे उन्हाळा असतो, धरायच्या आत रोप वाळतं.

बांधायला सुंभ घेतलं. काथ्याचं सुंभ पावसाने हळूहळू कुजतं, तोपर्यंत मुळांनी साल धरलेली असते. चार जुडग्यांना सुंभ पुरलं नाही म्हणून नायलॉनची दोरी वापरली, ती दोरी रोपात रुतली आणि चारही गेली. एक पेरूवर बांधली, पेरूची साल सुटते, तिच्याबरोबर ती खाली आली. तीन जुडगे पश्चिमेकडून, भर दुपारच्या उन्हात बांधले गेले, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळले. आणखी तीन का गेले ते कळलं नाही. बाकीचे सोळा आजही आहेत, शाळेतल्या फणसावर आणि वाडीतल्या रायवळ आंब्यांवर. खरखरीत साल, सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि माणसाच्या डोक्याच्या जरा वर. खाली माती नको, शेणखत नको, प्लॅस्टिक गुंडाळायला नको. पावसाळ्यात काही करावं लागत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मात्र आठवड्यातून दोनदा भांडी घासायच्या आधीचं चांगलं पाणी शिंपडावं. या वर्षी त्या सोळांतल्या दोघींना फूल आलं.

मी मुद्दाम "पडलेल्या झाडावरच्या" म्हणते. वाऱ्याने मोडलेली फांदी, रस्त्यात गेलेलं झाड, बागेत चुकून तोडलेली वेणी, यांच्यासाठी हे करायचं. चांगल्या उभ्या झाडावरून काढून आपल्या दारातल्या फणसावर बांधायची, याला वाचवणं म्हणत नाहीत. दारात शोभा येते हे खरं, पण सत्तावीसात सोळा जगल्या म्हणजे अकरा गेल्या हेही खरं.

झाडावरच्या आमऱ्यांबद्दल बरंच बोलले. जमिनीतल्या राहिल्या. आपला सडा. सरकारी कागदावर पुष्कळदा पडीक लिहिलेला. उन्हाळ्यात काळा, तापलेला कातळ, चप्पल घालूनही चालवत नाही. पहिला पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत तिथे आषाढ आमरी दिसते. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान, आणि वर वीतभर दांड्यावर पांढरी फुलं. तिच्या मागोमाग तिच्या भावकीतल्या आणखी येतात. एकीची फुलं एकाच बाजूला दाटीने बसलेली असतात, दात घासायच्या ब्रशासारखी. पावसाळा सरला की सगळ्या दिसेनाशा होतात, पण जमिनीत त्यांचा कंद जिवंत असतो. दोन-चार बोटं मातीत, कातळाच्या खाचेत, पुढच्या पावसाची वाट बघत.

म्हणूनच कागदावरचं "पडीक" मला पटत नाही. चिरेखाण निघाली किंवा कातळ फोडून, माती भरून बाग केली, तर ती दोन बोटं माती जाते. मग सुंभाने बांधून वाचवायचा प्रश्नच येत नाही. कंद उपटून दुसरीकडे लावले म्हणजे जगतील असा भरवसा मी तरी देणार नाही. सगळा सडा राखा म्हणणंही सोपं नाही, चिऱ्यावर कितीतरी घरं चालतात. पण गावाचा एखादा तुकडा, गुरं चरतात तो, पाणी साचतं तो, तसाच ठेवायचा हे ग्रामसभेत बोलता येतं. आणि पोरांना एवढंच सांगा, फूल हवं तर खुडा, ओढू नका. ओढलं की पावसाने मऊ झालेल्या मातीतून कंदासकट येतं. अमरकंदाचंही तसंच. औषधाला म्हणून काढतात, आणि कंद काढला की ते झाड संपलं. वैदूला द्यायचाच असेल तर एका जागचे सगळे काढू नका, बोंड फुटून बी उडू द्या, मग बघा.

ग्रामसभेचं निघालंच आहे तर सांगते. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. २००४ च्या नियमांत तिच्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक-तृतीयांश महिला असाव्यात असं म्हटलं होतं. समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावात कोणती झाडं, कोणती पिकं, कोणती औषधं, त्यांची माहिती कोणाकडे आहे, हे सगळं त्यात येतं. आपल्या गावची समिती कागदावर आहे की खरी आहे, त्यात कोणत्या बाया आहेत, हे ग्रामसेवकांना विचारा. मी तीन गावांत विचारलं. दोन गावांत समितीवर नाव असलेल्या बाईलाच ते माहीत नव्हतं! ज्या काकूंनी मला वेणी दाखवली, त्यांना कोणत्या झाडावर काय फुलतं आणि कधी, हे तोंडपाठ आहे. त्यांचं नाव नोंदवहीत माहितगार म्हणून यायला हवं, सही येत नसेल तर अंगठा चालेल.

एक सावधगिरी मात्र. आमरी कोणत्या झाडावर, कोणत्या सड्यावर, हे व्हॉट्सॲपवर टाकू नका. फूल टाका, ठिकाण नको. माझ्या फोनवरच्या एका फोटोने काय झालं ते आत्ताच सांगितलं.

आसामात हीच सीतेची वेणी आहे. तिथे तिला कोपौ फूल म्हणतात आणि वैशाखातल्या बिहूला नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात. आसामने आणि अरुणाचलने तिला राज्यफूल केलं आहे. आपलं राज्यफूल ताम्हण, तेही याच दिवसांत फुललेलं असतं. काकूंनी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ही आमच्या वाडीतलीच गोष्ट. एवढ्या लांबच्या बायांनीही तीच वेणी माळावी याचं मला नवल वाटलं.

तर या आठवड्यात ज्या बांडगुळाच्या कामावर जाणार आहात, त्यांनी एवढं करा. काम सुरू व्हायच्या आधी, गडी खाली असतानाच, त्याला वेणी दाखवा. वर चढल्यावर सांगितलं तर तो चिडतो. बागायतदारालाही सांगा की याने आंब्याचं नुकसान नाही. एकटीने सांगायला अवघड वाटलं तर दोघी-तिघी मिळून सांगा, नाहीतर माझं नाव सांगा, रेडिओवर ताई बोलल्या म्हणा. तरीही तोडली गेली तर ढिगात टाकू नका. सावलीत ठेवा, संध्याकाळी घरी न्या आणि सुंभाने फणसाला बांधा. मिरगाला आता थोडेच दिवस राहिलेत.

त्या दिवशीची ढिगातली वेणी मी पिशवीत घालून काकूंच्या घरी नेली. त्यांच्या फणसाला आम्ही दोघींनी बांधली. सुंभ धरायला त्यांची नात होती. मुळं बरीच तुटली होती. काल फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, घोसातली खालची चार फुलं उमलली आहेत, बाकीच्या कळ्या सुकतायत. पान मात्र अजून ताठ आहे.

नमस्कार.